सय्यद हैदर रझा : बिंदूच्या आधीचे अरण्य

सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांच्याविषयी आपल्या महाविद्यालयांतून जे काही सांगितले जाते ते बहुधा एका शब्दात मावते, आणि तो शब्द म्हणजे ‘बिंदू’. मध्यभागी एक काळे वर्तुळ, भोवती त्रिकोण-चौकोनांची शिस्तबद्ध मांडणी, क्वचित कडेला देवनागरीत लिहिलेला एखादा शब्द. भिंतीवरच्या दिनदर्शिका, पुस्तकांची मुखपृष्ठे आणि चर्चासत्रांच्या पत्रिका यांवरून हे रूप इतके परिचयाचे झाले आहे की चित्र नीट न पाहताच ते ‘कळले’ असे वाटते. प्रस्तुत लेखकही अनेक वर्षे असेच शिकवीत आला. रझा हे निसर्गचित्रकार होते, मुंबईतल्या जलरंगांपासून अखेरच्या कॅनव्हासपर्यंत निसर्गचित्रकारच राहिले, आणि ज्या चित्रांत त्यांचा निसर्ग खरोखर श्वास घेतो त्यांतील बहुतेक बिंदूच्या आधीची आहेत, असे मत येथे मांडावयाचे आहे. हे मत खुद्द रझांच्या स्वतःविषयीच्या कथनाशी पूर्णपणे जुळत नाही, याची जाणीव आहे.

हा मुद्दा केवळ कालखंड पाडण्याचा असता तर त्यासाठी एवढी पाने खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु रझा हे एक मुस्लिम चित्रकार आणि बिंदू ही भारतीय तत्त्वपरंपरेतील संज्ञा, या जोडीमुळे त्यांच्या चित्रांवर दोन तयार अभिप्राय चिकटले आहेत. एक कौतुकाचा : मुसलमान असूनही त्यांनी ही परंपरा आत्मसात केली. दुसरा तक्रारीचा : परदेशी बाजाराला ‘भारतीय’ वाटेल असे काहीतरी त्यांनी उभे केले. पहिल्या अभिप्रायातील ‘असूनही’ हा शब्द आपण वर्गात किती सहजपणे उच्चारतो! दोन्ही अभिप्राय चित्रकाराच्या नावापासून सुरू होतात व बिंदूपाशी संपतात. मधल्या साठ वर्षांतले रान कोणालाच ओलांडावे लागत नाही.

त्या रानापासूनच सुरुवात करू. रझांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी तत्कालीन मध्य प्रांतातील मंडला जिल्ह्यात बाबरिया या गावी झाला. वडील सय्यद मोहम्मद रझी वनखात्यात डेप्युटी फॉरेस्ट रेंजर होते. आईचे नाव ताहिरा बेगम. बालपणाची वर्षे नर्मदेच्या खोऱ्यातील जंगलालगतच्या खेड्यात, ककैया येथे गेली. हा मुलूख सागापेक्षा सालवृक्षाचा. साग उन्हाळ्यात पाने टाकून मोकळा होतो. साल कधी पुरता निष्पर्ण होत नाही, म्हणून त्याच्या रानात भर वैशाखातही सावली टिकून असते आणि दिवस मावळला की काळोख लवकर दाटतो. रझांनी पुढे अनेकदा सांगितलेल्या आठवणींचा गाभा असा : रात्री जंगल भयाण वाटे, दूरवरून येणारा गोंडांच्या नाचगाण्याचा आवाज तेवढा धीर देई, पहाट झाली की जीव भांड्यात पडे, आणि बाजाराच्या दिवशी लख्ख उन्हात तेच गाव रंगांनी भरून जाई.

येथे ‘सजीव निसर्ग’ या शब्दप्रयोगाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. आपल्या क्रमिक पुस्तकांतील सजीव निसर्ग बहुधा डोलतो, हसतो, गातो. तो माणसाच्या मर्जीतला असतो. डेप्युटी रेंजरच्या घरातल्या मुलाला जंगल जिवंत वाटले ते भीतीमुळे. जे आपल्याला इजा करू शकते, ज्याला आपण दिसत असतो पण जे आपल्याला दिसत नाही, ते निर्जीव आहे असे म्हणण्याचे धाडस सहा-सात वर्षांच्या मुलाला होत नाही. वडिलांच्या दप्तरात हेच जंगल तोडीचे कूप, घनफूट आणि दंडाच्या पावत्या अशा रूपात उतरत असणार. घराच्या एका बाजूला मोजलेले रान आणि दुसऱ्या बाजूला न मोजता येणारे. रझांच्या पुढील सर्व कामात या दोन रानांची ओढाताण दिसते, असे मला वाटते.

याच काळातली ती सुप्रसिद्ध हकिकत. शाळेतले शिक्षक नंदलाल झारिया यांनी चंचल मुलाचे चित्त थाऱ्यावर यावे म्हणून भिंतीवर एक ठिपका काढला व त्याकडे पाहत बसण्यास सांगितले. आपणा शिक्षकांना ही गोष्ट आवडते, यात नवल नाही. परंतु तिचा अर्थ आपण एकाच अंगाने लावतो. ठिपका कशासाठी काढला गेला? मुलाचे मन जिकडे धावत होते तिकडून ते ओढून आणण्यासाठी. आणि ते कोठे धावत होते, हे सांगण्यास संशोधनाची गरज नाही. म्हणजे ठिपका हा अरण्याचा सारांश म्हणून त्या मुलाच्या आयुष्यात आला नाही. अरण्याला घातलेला बांध म्हणून आला. ही गोष्ट लक्षात ठेवून १९८० नंतरची चित्रे पाहिली की त्यांचे यश आणि अपयश दोन्ही थोडे अधिक समजते.

दमोहला शालेय शिक्षण, मग १९३९ ते १९४३ नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये बापूराव आठवले यांच्या हाताखाली आणि १९४३ ते १९४७ मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात, हा क्रम सर्वांना ठाऊक आहे. मुंबईत पोटासाठी एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी होती. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर आणि समीक्षक रूडॉल्फ फॉन लायडन या मध्य युरोपातून आलेल्या जाणत्या मंडळींचा आधार मिळाला. या वर्षांतली जलरंगातली मुंबई पाहण्यासारखी आहे : फ्लोरा फाउंटनचा परिसर, पावसात ओघळणाऱ्या इमारती, छत्र्यांचे आणि वाहनांचे झटपट फटकारे. येथे जिवंत आहे ते पाणी. कागद ओला असतानाच रंग सोडून द्यायचा आणि तो कोठवर पसरतो ते पाहायचे, ही जलरंगाची जुनी युक्ती रझांना पावसाने शिकवली असावी. तरीही ही चित्रे खिडकीतून पाहिलेली आहेत. पाहणारा कोरडा आहे.

इंदूरकडच्या वाचकांना येथे ना. श्री. बेंद्रे यांची आठवण येईल. बेंद्र्यांची भटकंती अफाट, उन्हाची जाण तर रझांहूनही सूक्ष्म. पण बेंद्र्यांचा निसर्ग पाहून घेतला जातो, तो पाहणाऱ्याकडे उलटून पाहत नाही. यात थोरपणाची तुलना नाही. दोन निसर्गचित्रकारांची जात वेगळी आहे, एवढेच.

१९४७ मध्ये सूझा, आरा, हुसेन, गाडे व बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना झाली. त्याच वर्षी आई गेली आणि पुढच्या वर्षी मंडला येथे वडील. फाळणीनंतर भावंडे पाकिस्तानात गेली, रझा गेले नाहीत. बालपणी मंडल्यात गांधीजींना पाहिल्याची आठवण ते या संदर्भात सांगत. १९४८ मध्ये ते काश्मीरला गेले. तेथे काढलेल्या चित्रांपैकी ‘बारामुल्ला इन रुइन्स’ हे आवर्जून दाखवावे असे आहे. १९४७ च्या हल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या गावाची घरे एकमेकांना टेकून उभी आहेत. ज्याच्या घरचे माणूस सीमेपलीकडे गेले आहे अशा चित्रकाराने हे काढले आहे, हे माहीत नसले तरी चालते. घरे स्वतःच ते सांगतात.

काश्मीरमध्येच फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिये-ब्रेसाँ यांनी चित्रे पाहिली आणि त्यांत प्रतिभा आहे पण बांधणी नाही, सेझानचा अभ्यास करावा, असा सल्ला दिला. रझांनी तो इतका मनावर घेतला की ते फ्रेंच शिकू लागले. फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवून १९५० च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी देश सोडला आणि पुढची साठ वर्षे ते फ्रान्समध्ये राहिले.

फ्रान्समधील पहिल्या दोन-तीन वर्षांची चित्रे, विशेषतः ‘ओ द कान्य’ (१९५१), समीक्षकांना फार प्रिय आहेत. दक्षिण फ्रान्समधील टेकडीवरचे गाव. धारदार कडांची घरे एकमेकांवर रचलेली. माणूस नाही, पाखरू नाही. आणि वर आकाशात एक काळा सूर्य. बांधणी म्हणावी तर ती येथे पुरेपूर आहे. निसर्ग मात्र श्वास रोखून बसला आहे. मला ही चित्रे नेहमी शिकण्याच्या धाकाखालची वाटतात. एक गोष्ट तेवढी पुढच्या विवेचनासाठी महत्त्वाची : काळे वर्तुळ येथे आलेले आहे. तंत्र, योग, बीज यांपैकी कोणतीही संज्ञा रझांच्या चित्रात येण्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधी ते फ्रान्समधील एका गावावर उगवले. बिंदूचा जन्म ग्रंथांत शोधणाऱ्यांनी हे वर्तुळ आधी कोठे टांगलेले होते ते पाहावे. ते क्षितिजाच्या वर होते. ते निसर्गचित्राचा भाग होते.

१९५६ मध्ये पॅरिसचा समीक्षक पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले बिगर-फ्रेंच चित्रकार. १९५९ मध्ये चित्रकार जानीन माँजिला यांच्याशी विवाह झाला. या सुमारास कामात तैलरंग आला होता, आणि त्याबरोबर घरे वितळू लागली. ‘व्हिलेज विथ चर्च’ (१९५८) सारख्या चित्रात गाव ओळखू येते, पण रंगाचे थर सुरीने असे लावले आहेत की भिंत कोठे संपते आणि झाड कोठे सुरू होते हे सांगता येऊ नये. डोळ्यांना दिसणाऱ्या देखाव्यापेक्षा हातातल्या रंगाच्या चिखलावर त्यांचा विश्वास वाढत गेला. १९६२ मध्ये बर्कले येथे अध्यापनासाठी गेले असता अमेरिकन अमूर्त चित्रकला, विशेषतः रॉथ्को, जवळून पाहता आला. रंग एखाद्या वस्तूचा न राहताही भाव बाळगू शकतो हे त्यांना तेथे दिसले. त्यानंतर हळूहळू तैलरंगाच्या जागी ॲक्रिलिक आले. ही तांत्रिक बाब म्हणून सोडून देण्यासारखी नाही, कारण ॲक्रिलिक झटकन वाळते. तैलरंगात चित्रकाराला वाट पाहावी लागते; ॲक्रिलिकमध्ये काळ्यावर लाल, लालावर पुन्हा काळा असा हल्ला एकाच बैठकीत करता येतो.

आणि असा हल्ला सत्तरच्या दशकात झाला. ‘तपोवन’ (१९७२) आणि ‘ला तेर’ म्हणजे ‘धरणी’ (१९७३, याच नावाची इतरही चित्रे आहेत) ही या लेखाच्या दृष्टीने रझांची मध्यवर्ती चित्रे होत. छापील प्रतिमेत त्यांचे फार नुकसान होते हे मान्य करूनही सांगतो. मोठ्या कॅनव्हासवर बहुतेक सगळा काळोख आहे. त्या काळ्यातून तांबडे, केशरी, मातकट पिवळे, कोठे हिरवे असे फुटते. पेटते म्हणावे तर लगेच काळे त्याला गिळू लागते. घर नाही, झाड नाही, वाट नाही. ज्याला ‘अमूर्त’ म्हणून आपण कपाटात ठेवून देतो असे हे चित्र. पण एकदा क्षितिजरेषा शोधायचा प्रयत्न करावा. ती नाही. मुंबईच्या जलरंगांत ती होती, काश्मीरमध्ये होती, कान्यमध्ये तर सूर्य तिच्यावर टांगलेला होता. येथे ती पुसली गेली आहे.

क्षितिज नसणे याला नवी शैली म्हणून भागत नाही. क्षितिज दिसण्यासाठी पाहणारा मोकळ्यावर, जरा दूर उभा असावा लागतो. युरोपातील निसर्गचित्राची सारी परंपरा या अंतरावर उभी आहे : मी येथे, निसर्ग तेथे, मध्ये खिडकीची चौकट. रात्रीच्या सालवनात क्षितिज नसते. तेथे पाहणारा रानाच्या समोर नसून रानात असतो, आणि दूरवरचा एखादा जाळ तेवढा दिशा सांगतो. ‘ला तेर’समोर उभे राहिल्यावर आपल्या शरीराला जी अस्वस्थता जाणवते ती या जागेच्या बदलाची आहे. पन्नास वर्षांच्या, पॅरिसमध्ये स्थिरावलेल्या या चित्रकाराने ककैयाच्या मुलाला पुन्हा त्याच काळोखात नेऊन सोडले आहे. या वेळी त्याच्या हातात रंग आहे, एवढाच फरक. काळा हा मातृरंग आहे, सर्व रंग त्यातून जन्मतात, असे रझा पुढे म्हणू लागले. १९७३ च्या काळ्याकडे पाहून मला तेवढी खात्री वाटत नाही. हा काळा जन्मही देतो आणि खातोही.

काही वर्षांपूर्वी जबलपूरहून मंडल्याला जाण्याचा योग आला. नर्मदा या गावाला तीन बाजूंनी वळसा घालते. तेथून पुढे कान्हाच्या दिशेने एका वस्तीवर मुक्काम होता आणि रात्री वीज गेली. यापलीकडे सांगण्यासारखे काही घडले नाही. पण दहा मिनिटांनी काळोखातून निरनिराळे काळे वेगळे होऊ लागले : झाडाचा, जमिनीचा, आभाळाचा. मोहाचे फूल पडल्याचा आवाज होता, की दुसरे काही, ते कळत नव्हते. ‘ला तेर’मधला काळा सपाट का नाही, या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधण्यात मी बराच काळ घालवला होता.

याच जिल्ह्यातील दुसऱ्या एका चित्रकाराशी तुलना केल्यास रझांचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. पाटनगढ हे गाव आज दिंडोरी जिल्ह्यात मोडते. १९९८ पूर्वी ते मंडल्यातच होते. तेथील परधान गोंड तरुण जनगढसिंह श्याम ऐंशीच्या दशकाच्या आरंभी ज. स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने भोपाळच्या भारत भवनात आला आणि २००१ मध्ये जपानमध्ये त्याचा अकाली मृत्यू होईपर्यंत त्याने एक नवी चित्रभाषा घडवली. जनगढच्या चित्रांत ठिपके आहेत, असंख्य ठिपके. हरणाच्या अंगावर, पक्ष्याच्या पंखांत, देवाच्या देहात ठिपक्यांच्या आणि बारीक रेषांच्या रांगा भरलेल्या असतात; हरणाच्या शिंगांना फांद्या फुटतात. भोवतालची जागा मात्र बहुधा मोकळी व उजळ. त्याच्या अरण्यात प्रत्येक प्राण्याला नाव आहे आणि तो प्रत्येकाला ओळखतो. रझांच्या अरण्यात कोणालाही नाव नाही. ज्यांचे गाणे दूरवरून ऐकून रेंजरच्या घरातला मुलगा धीर धरीत असे, त्या समाजातला हा चित्रकार. एकाला रान म्हणजे नातलगांचा गोतावळा, दुसऱ्याला रात्र. निसर्ग दोघांनाही जिवंत दिसला, पण एक घरचा होता आणि एक सरकारी क्वार्टरमधला. जनगढला एका बिंदूची गरज पडली नाही, हे मला अर्थपूर्ण वाटते.

रझांना पडली. १९७० नंतर त्यांच्या भारतभेटी वाढल्या. १९७८ मध्ये भोपाळला त्यांचे प्रदर्शन झाले. १९८० मध्ये ‘बिंदू’ हे चित्र आले. कान्यच्या आकाशातला काळा सूर्य खाली उतरून कॅनव्हासच्या मध्यावर बसला. झारिया गुरुजींचा ठिपका आणि रात्रीचे रान यांची ही गाठ होती, आणि सुरुवातीच्या काही वर्षांत ती फार ताणलेली, म्हणूनच जिवंत आहे. ‘माँ’ (१९८१) मध्ये बिंदू आहे, चौकटी आहेत, आणि आईकडे परतण्याविषयीची अशोक वाजपेयी यांच्या कवितेतील एक ओळ देवनागरीत लिहिली आहे. तरीही भोवतालचा रंग अजून हाताच्या हालचालीने थरथरतो. ‘सौराष्ट्र’ (१९८३) तर दोन मीटर लांबी-रुंदीचा तापलेल्या मातीचा तुकडा आहे. चौकटींनी विभागलेला, पण एकही चौकट दुसरीला स्वस्थ बसू देत नाही. बांध घातला आहे, पाणी अजून धडका देत आहे. (२०१० मध्ये लंडनच्या लिलावात हे चित्र सुमारे १६ कोटी रुपयांना विकले गेल्यापासून त्याच्याविषयी बोलताना लोक प्रथम किंमत सांगतात. आपण तरी वर्गात ती शेवटी सांगावी.)

पुढे मात्र बांध जिंकला. नव्वदीच्या दशकापासूनच्या ‘जर्मिनेशन’ म्हणजे ‘अंकुरण’, ‘प्रकृती’ अशा शीर्षकांच्या अनेक चित्रांत प्रत्येक गोष्टीची जागा ठरून गेली. हे बीज, ही माती, हे पाणी; पाच तत्त्वांना पाच रंग. कडा पट्टीने आखल्यासारख्या. जे ॲक्रिलिक १९७३ मध्ये हल्ल्यासाठी उपयोगी पडले होते तेच आता स्वच्छ, सपाट भरणीसाठी कामी आले. अंकुर फुटण्याचे चित्र आहे, पण काहीही फुटत नाही. फुटणे म्हणजे काय याची आकृती आहे. निसर्ग सजीव आहे असे ही चित्रे मला सांगतात. ‘ला तेर’ने तसे कधी सांगितले नव्हते. आणखी एक गोष्ट : पाहणारा पुन्हा बाहेर आला. बिंदूसमोर आपण उभे राहतो, हात जोडून किंवा न जोडता, पण समोरच.

या मताविरुद्ध दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला, स्वतः रझांनी बिंदूलाच आपल्या साधनेचे फलित मानले, तेथे आपण कोण? यावर माझे म्हणणे इतकेच की चित्रकाराचे निवेदन हा पुरावा आहे, निकाल नव्हे. अरण्याच्या रात्रीच्या, ठिपक्याच्या, बाजाराच्या आठवणी प्रामाणिक असणारच. पण त्या साठीला आलेल्या माणसाने, हाती उत्तर आल्यानंतर मांडल्या आहेत, आणि उत्तर हाती आले की आठवणी त्याच्याकडे तोंड करून बसतात. दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे : भौमितिक आकृतीला जीव नसतो हे कोणी ठरवले? आपल्या मशिदींच्या जाळ्या आणि फरश्या पाहणाऱ्याने तरी असे म्हणू नये. हा आक्षेप मी मान्य करतो. जाळीतली भूमिती जिवंत असते ती तिच्यातून ऊन सरकते म्हणून, आणि नक्षी चौकटीपाशी तुटलेली असूनही पुढे चालूच राहील असे वाटते म्हणून. रझांच्या उत्तरकाळातही अशी काही चित्रे आहेत, विशेषतः जेथे काळी वर्तुळे करड्या छटांनी एकात एक विरत जातात आणि कडा नेमकी सापडत नाही. प्रश्न भूमितीचा नाहीच. काळा काही करीत आहे की नुसता आपल्या जागेवर बसला आहे, एवढाच प्रश्न प्रत्येक चित्राला स्वतंत्रपणे विचारावा लागतो, आणि बहुतेक वेळा उत्तर निराशाजनक येते.

या निराशेतही रझांची सचोटी विसरता येत नाही. जानीन यांचे २००२ मध्ये निधन झाले. २०१० च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, ते दिल्लीला परतले आणि चाकाच्या खुर्चीत बसूनही चित्रे काढीत राहिले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले. बिंदूला भारतीयत्वाचा पुरावा मानणाऱ्यांनी आणि त्याबद्दल त्यांच्यावर संशय घेणाऱ्यांनी ही जागा नकाशावर पाहावी. मक्तबात शिकवले जाते की झाडे आणि तारेही सजदा करतात. शाळेतल्या गुरुजींनी ठिपका दाखवला. बाहेर गोंडांचे ढोल वाजत होते. मंडल्याच्या त्या मुलाला यांतले एक निवडायला कोणी सांगितले नव्हते. निवड आपण नंतर, त्याच्या वतीने करीत बसलो.

२०२३ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात रझांचे मोठे प्रदर्शन झाले तेव्हापासून त्यांची आधीची चित्रेही पुस्तकांत व संकेतस्थळांवर सहज मिळू लागली आहेत. त्यामुळे एक छोटा प्रयोग करता आला. वर्गात नाव व वर्ष झाकून दोन चित्रे दाखवली, एक नव्वदीतले बिंदूचे आणि एक ‘ला तेर’. पहिल्यावर विद्यार्थी भराभर बोलले : सूर्य, बीज, ध्यान, विश्व. दुसऱ्यावर बराच वेळ कोणी बोलेना. शेवटी धार जिल्ह्यातल्या डोंगराळ भागातून येणारी एक मुलगी म्हणाली, “सर, याच्यातून बाहेर पडायची वाट कुठल्या बाजूला आहे?” मी तिला कोपऱ्यातला केशरी पट्टा दाखवणार होतो. पण तोही काळ्याने अर्धा खाल्लेला होता.